चेंडू सोडून बाकीचं बघा : अमेरिकन फुटबॉल स्टेडियममध्ये बसून कसा पाहायचा

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईवडिलांना सप्टेंबर उजाडला की रविवारी दुपारी घरातला टीव्ही हमखास अमेरिकन फुटबॉलवर लागलेला दिसतो. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, ढीग होतो, शिट्टी वाजते, सगळे उठतात आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. ‘हे सारखं थांबतं का?’ असा प्रश्न मग येतोच. प्रश्न अगदी योग्य आहे, आणि या खेळाचं मर्म त्याच प्रश्नात आहे.

एनएफएल या व्यावसायिक लीगचा एक सामना तीन तासांहून थोडा जास्त चालतो. त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ मोजला, तर तो अकरा मिनिटांच्या आसपास भरतो. उरलेल्या वेळात टीव्ही जाहिरात लावतो, आधीचा क्षण पुन्हा दाखवतो, प्रशिक्षकाचा चेहरा दाखवतो. पण मैदानावर त्या वेळात खूप काही चाललेलं असतं, आणि ते फक्त स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला दिसतं. चेंडू थांबल्यापासून तो पुन्हा सुरू होईपर्यंतची ही चाळीस सेकंदं वाचता आली तर तिकिटाचे पैसे वसूल होतात. नुसत्या चेंडूमागे नजर ठेवली तर मात्र घरचा टीव्ही बरा.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, जो सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान अमेरिकेत असणार आहे आणि ज्याला एकदा तरी हा सामना प्रत्यक्ष पाहावासा वाटतो, पण नियम माहीत नसताना तीन तास काय करायचं याची धास्ती आहे. उदाहरणासाठी मी विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड घेतो. पहिल्या सामन्यासाठी मला याहून चांगली जागा माहीत नाही. का, ते पुढे येईलच.

खेळ थांबतो तो कशासाठी?

१८६९ साली न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये जो सामना झाला, तो अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना मानतात. तो आजच्या सॉकरच्या जवळचा होता. मग रग्बीचे नियम आले. रग्बीत चेंडूवर झुंबड होते आणि तो कुणाकडे जाईल याचा भरवसा नसतो. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० मध्ये हे बदलून घेतलं. झुंबडीऐवजी दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहतील, चेंडू कुणाचा हे आधीच ठरलेलं असेल आणि तो मागे सरकवला की खेळ सुरू होईल, असा नियम आला.

त्यातून लगेच पळवाट निघाली. १८८१ मध्ये प्रिन्स्टन आणि येलच्या सामन्यात एका संघाने सामन्याचा अख्खा अर्धा वेळ चेंडू आपल्याकडे दाबून ठेवला आणि उरलेला अर्धा वेळ दुसऱ्या संघाने तेच केलं. सामना शून्य-शून्य सुटला आणि प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये नियम झाला की तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. पाच यार्ड मोजायचे तर मैदानावर रेघा हव्यात, म्हणून रेघा आल्या. या खेळात इतके तरुण दगावत होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि पाचाचे दहा यार्ड झाले, म्हणजे खेळाडू एका जागी गुंतून चिरडले न जाता मैदानभर पांगतील. १९१२ मध्ये प्रयत्न चार झाले. आज तुम्ही जे पाहता त्याचा सांगाडा तोच आहे.

हा इतिहास माहीत असला की नियम पाठ करावे लागत नाहीत. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड गाठले की पुन्हा नवे चार डाऊन मिळतात. फलकावर ‘थर्ड अँड सेव्हन’ दिसलं तर समजायचं की तिसरा प्रयत्न आहे आणि अजून सात यार्ड हवेत. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. रेघांवरचे आकडे ५० पर्यंत चढतात आणि मग पुन्हा उतरतात, कारण मध्यरेषेपलीकडे समोरच्या संघाचा प्रदेश सुरू होतो. चेंडू एंड झोनमध्ये नेला की टचडाऊन, ६ गुण. त्यानंतर एंड झोनच्या टोकाला असलेल्या उंच खांबांमधून जवळून चेंडू लाथेने मारला तर आणखी १, किंवा अवघड वाट धरून पुन्हा एंड झोन गाठला तर २. टचडाऊन जमत नसेल तर लांबून खांबांमधून मारायचा, त्याला फील्ड गोल म्हणतात आणि त्याचे ३. इतकं पुरेसं आहे. बाकीचे नियम शेजारचा प्रेक्षक सांगेल, आणि अगदी आनंदाने सांगेल.

कुठे बसायचं आणि कुठे बघायचं

महाग तिकीट म्हणजे चांगली जागा, हा समज इथे खोटा ठरतो. अगदी पुढच्या रांगेतून, मैदानालगत, खेळाडूंची उंची आणि टकरीचा आवाज अंगावर येतो खरा, पण समोर बाजूरेषेवर दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर अशी भिंत उभी असते आणि पलीकडचं काही उमगत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने उंचावरची जागा घ्यावी. कोपऱ्यात किंवा एंड झोनच्या मागे असली तरी चालेल. प्रशिक्षक आठवडाभर ज्या चित्रफिती अभ्यासतात, त्या अशाच उंचावरून, बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत येतील अशा घेतलेल्या असतात. टीव्हीच्या चौकटीत मात्र मागे खोल उभे असलेले बचावपटू बहुतेक वेळा नसतातच.

आता एक डाऊन संपल्यावर काय होतं ते बघा. मैदानाच्या दोन्ही टोकांना एक छोटं घड्याळ असतं. एक डाऊन संपला की ते ४० वर येतं आणि उलटं मोजू लागतं. तेवढ्यात पुढचा डाऊन सुरू करावाच लागतो, नाहीतर पाच यार्ड दंड. या वेळात प्रशिक्षक पुढची चाल ठरवतो आणि रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू ज्याच्या हातात येतो तो सूत्रधार. दोन्ही बाजूंना एकेकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये असा रेडिओ चालू असतो आणि त्यावर मागे हिरवा ठिपका असतो, उंचावरूनही दुर्बिणीतून दिसतो. घड्याळ १५ वर आलं की रेडिओ बंद पडतो. तिथून पुढे प्रशिक्षकाचा आवाज नाही. जे काही करायचं ते क्वार्टरबॅकने स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायचं.

या शेवटच्या पंधरा सेकंदांतच खरा खेळ होतो, आणि क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला तो पटकन कळतो. गोलंदाज धावत येण्याआधी कर्णधार क्षेत्ररक्षण हलवतो, फलंदाज मान वळवून मोकळ्या जागा हेरतो, दोघेही एकमेकांच्या मनातलं ओळखू पाहतात. इथे अकराविरुद्ध अकरा जण तेच करतात, प्रत्येक डाऊनला, आणि लपवाछपवीही करतात.

बघायच्या गोष्टी तीन. पहिली, बचाव फळीच्या अगदी मागे किती जण उभे आहेत. त्यांना सेफ्टी म्हणतात. दोघे खोलवर असतील तर लांब फेक अडवायची तयारी आहे. एकच मागे असेल आणि दुसरा पुढे सरकला असेल, तर चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखायचा किंवा थेट क्वार्टरबॅकवर धाड घालायचा विचार असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणतो, कारण चांगला सेफ्टी शेवटच्या क्षणापर्यंत खोट्या जागी उभा राहतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. चेंडू सुरू होण्याआधी आक्रमण करणाऱ्या संघाचा एक खेळाडू कधी कधी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवा धावत जातो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, तो उशिरा जागेवर पोचतोय. प्रत्यक्षात तो समोरच्याला प्रश्न विचारत असतो. त्याच्यासोबत एक बचावपटूही पलीकडे धावत गेला, तर बचाव माणसागणिक माणूस असा आहे. कुणीच हललं नाही, तर प्रत्येकाने आपापला इलाका वाटून घेतला आहे. क्वार्टरबॅकला उत्तर मिळालं आणि तुम्हालाही मिळालं, तेही त्याच क्षणी. एवढ्याने चाल बदलते. तो ओरडून, हातवारे करून साथीदारांना नवी चाल सांगतो.

तिसरी गोष्ट चेंडू सुरू झाल्याच्या क्षणाची. पुढे रांगेत पाच प्रचंड माणसं असतात, बहुतेक १३५ किलोंच्या वरची. चेंडूला ती क्वचितच हात लावतात, म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. तुम्ही त्यांच्याकडेच बघा. ती पुढे झेपावली तर चेंडू घेऊन धावण्याची चाल आहे, मागे सरकून उभी राहिली तर फेक येणार. कधी कधी ती मुद्दाम खोटी हालचाल करतात. पण बहुतेक वेळा त्यांचं पहिलं पाऊल खरं सांगतं, आणि आजूबाजूचे हजारो लोक चेंडू शोधत असताना तुम्हाला चाल आधी कळलेली असते. दहा-पंधरा डाऊन असे पाहिले की नजर आपोआप तिकडे जाते.

टीव्हीवर दिसणारी पिवळी रेघ, म्हणजे कुठवर पोचायचं आहे ते दाखवणारी, स्टेडियममध्ये नसते. ती १९९८ पासून टीव्हीच्या चित्रावर संगणकाने काढतात. मैदानाच्या कडेला दोन खांब घेऊन माणसं उभी असतात, मध्ये दहा यार्डांची साखळी. पुढच्या खांबाकडे एक नजर टाकली की किती अंतर उरलं ते कळतं. पिवळा रुमाल पडला की दंड. पंचांपैकी पांढरी टोपीवाला मुख्य, तो माइकवरून कारण सांगतो.

कधी ओरडायचं, कधी गप्प बसायचं

हे आधी माहीत नसेल तर गोंधळ उडतो. आपल्या संघाकडे चेंडू असताना घरचे प्रेक्षक शांत बसतात. पाहुण्यांकडे चेंडू असला की कानठळ्या बसवणारा आरडाओरडा करतात, विशेषतः तिसऱ्या डाऊनला. यात नुसता जोश नाही, हिशोब आहे. क्वार्टरबॅकने शेवटच्या पंधरा सेकंदांत बदललेली चाल साथीदारांना ऐकूच गेली नाही पाहिजे. आवाजात इशारा चुकला आणि रांगेतला कुणी आधीच हलला, तर त्यांना पाच यार्ड दंड. म्हणजे प्रेक्षक खरोखरच खेळात हस्तक्षेप करतात आणि तो नियमात बसतो. २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या अॅरोहेड स्टेडियममध्ये १४२.२ डेसिबल आवाज नोंदवला गेला, तो उघड्या स्टेडियममधल्या गर्दीच्या आवाजाचा गिनेस विक्रम ठरला. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या कानांसाठी हेडफोनसारखं संरक्षण आठवणीने न्या. मोठ्यांनीही कापसाचे बोळे जवळ ठेवायला हरकत नाही.

घड्याळ, आणि १९६७ ची ती दुपार

डावपेच कळले तरी घड्याळ कळलं नाही तर शेवटची दहा मिनिटं हातातून निसटतात. पंधरा मिनिटांची चार सत्रं. चेंडू घेऊन धावणाऱ्याला मैदानात पाडलं तर घड्याळ चालूच राहतं. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही तर थांबतं. शिवाय प्रत्येक अर्ध्यात दोन्ही संघांना तीन-तीन टाइमआउट असतात. म्हणून आघाडीवर असलेला संघ शेवटी धावतो आणि वेळ खातो, पिछाडीवरचा फेकतो आणि वेळ वाचवतो. शेवटची दोन मिनिटं प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं चालू शकतात ती यामुळे.

हे सगळं एका जागी पाहायचं तर ग्रीन बेच्या इतिहासातला एक सामना पुरतो. ३१ डिसेंबर १९६७, लॅम्बो फील्ड, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, लीगचं विजेतेपद. तापमान उणे २५ सेल्सियसच्या आसपास. मैदानाखाली तारा टाकून ते गरम ठेवायची नवी यंत्रणा बसवली होती, ती त्या दिवशी निकामी ठरली आणि गवताचा बर्फ झाला. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, म्हणून त्यांनी आवाज देऊन खेळ चालवला. डॅलस १७-१४ पुढे. शेवटची १६ सेकंदं उरली तेव्हा पॅकर्स एंड झोनपासून यार्डाहून कमी अंतरावर होते. तिसरा डाऊन होता आणि आधीच्या दोन प्रयत्नांत चेंडू घेऊन धावणारा बर्फावर घसरला होता. क्वार्टरबॅक बार्ट स्टार यांनी उरलेला शेवटचा टाइमआउट घेतला.

आता वर सांगितलेलं सगळं इथे लावून बघा. फील्ड गोल मारला तर ३ गुण, बरोबरी आणि जादा वेळ. चेंडू फेकला आणि झेल सुटला, तर घड्याळ थांबेल आणि चौथ्या डाऊनला फील्ड गोलची संधी राहील. धावत गेले आणि अडवले गेले, तर टाइमआउट शिल्लक नाही, घड्याळ पळत राहील आणि बहुधा सामना तिथेच संपेल. शहाणपणाचा मार्ग फेकीचा होता. स्टार आणि प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांनी धावायचं ठरवलं, आणि धावणारा घसरतोय म्हणून स्टार स्वतःच चेंडू घेऊन रांगेतल्या माणसांच्या मागून घुसले. टचडाऊन, २१-१७. हा सामना ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. आज लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, जिंकणाऱ्या संघाला मिळणारा चषक लोम्बार्डींच्या नावाचा आहे.

ग्रीन बेच का?

ग्रीन बेची वस्ती लाखाच्या थोडी वर, आणि लॅम्बो फील्डमध्ये बसायची सोय ८१ हजारांहून अधिक लोकांची. बाकीचे संघ न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांचे असताना हा एक संघ इथे टिकला, त्याचं कारण त्याची मालकी. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने तो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता, तिच्याकडून गणवेशासाठी पैसे घेतले. ‘पॅकर्स’ हे नाव त्यातून आलं. पैशांची चणचण झाली तेव्हा १९२३ मध्ये गावकऱ्यांना समभाग विकले. अशी विक्री पुढेही अनेकदा झाली, शेवटची २०२१ मध्ये सुरू झाली. आज पाच लाखांहून अधिक लोक या संघाचे भागधारक आहेत. लाभांश मिळत नाही, समभाग बाजारात विकता येत नाही, भाव वाढत नाही. मिळतो तो मताधिकार, आणि संघ गाव सोडून जाणार नाही हा विश्वास. लीगमधल्या इतर सगळ्या संघांचे मालक खासगी आहेत आणि आता अशी लोकमालकी नव्या संघाला लीगच्या नियमात बसत नाही. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको.

याचा परिणाम बाकावर बसल्यावर जाणवतो. लॅम्बोमध्ये बहुतेक ठिकाणी वेगळ्या खुर्च्या नाहीत, अॅल्युमिनियमचे लांब बाक आहेत. डिसेंबरच्या थंडीत दोन्ही शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लागतो आणि अनोळखी माणसं बोलू लागतात. तुम्ही पहिल्यांदा आलात हे सांगून टाका, पुढचे तीन तास तुम्हाला शिकवणारे दोन-तीन जण सहज मिळतील. डोक्यावर चीजच्या तुकड्यासारख्या पिवळ्या टोप्या दिसतील. विस्कॉन्सिन दुधाचं राज्य, त्यावरून शेजारचे लोक ‘चीजहेड’ म्हणून हिणवायचे, इथल्यांनी तेच मिरवायला सुरुवात केली. टचडाऊन केल्यावर खेळाडू एंड झोनमागच्या कठड्यावर उडी मारून थेट प्रेक्षकांच्या मिठीत जातो. १९९३ च्या डिसेंबरमध्ये लरॉय बटलर यांनी ती पहिल्यांदा मारली.

सामन्याआधीचे तीन-चार तासही कार्यक्रमाचाच भाग आहेत. स्टेडियम चक्क घरांच्या वस्तीत आहे आणि आसपासचे रहिवासी आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. गाडीची डिकी उघडून, शेगडी पेटवून तिथेच सॉसेज भाजतात, याला टेलगेटिंग म्हणतात. शाकाहाऱ्यांनी पोळीभाजीचा डबा गाडीत ठेवावा आणि तिथेच खाऊन घ्यावा. आत पॉपकॉर्न, प्रेट्झेल, नाचो, फ्रेंच फ्राइज मिळतात. चीजचे तळलेले तुकडे इथली खासियत आहे, मात्र त्याच तेलात आणखी काय तळलं आहे ते विचारून घ्या.

तिकीट, तारीख, पिशवी

१९६० पासून इथल्या नियमित हंगामातल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत आणि सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावं आहेत. बाहेरच्या माणसाने त्यामुळे पुनर्विक्रीचं तिकीट घ्यायचं, टिकटमास्टर किंवा तशाच नावाजलेल्या संकेतस्थळावरून. रस्त्यावर कुणाकडून घेऊ नका. तिकीट फोनवरच येतं, त्याचा बारकोड बदलत राहतो, म्हणून स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. हजारो फोन एकाच वेळी चालू असल्याने नेटवर्क अडतं, त्यामुळे घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून निघा.

विमानाचं तिकीट काढताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चुरशीचा सामना टीव्हीवर रात्री दाखवता यावा म्हणून लीग रविवारची वेळ हंगामाच्या मध्यात बदलू शकते, आणि शेवटच्या आठवड्यांत क्वचित दिवसही बदलतो. रविवार दुपारचा सामना म्हणून रविवारी रात्रीचं विमान धरू नका. ग्रीन बेमध्ये सामन्याच्या दिवशी हॉटेलं भरमसाट भाव लावतात. मिलवॉकीला राहून दोन तासांचा प्रवास केला तर स्वस्त पडतं, शिकागोहून साधारण ३२० किलोमीटर.

खांद्याची नेहमीची पर्स किंवा पाठपिशवी आत नेता येत नाही. २०१३ पासून लीगच्या सगळ्या स्टेडियममध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवीच लागते, जास्तीत जास्त १२ बाय १२ बाय ६ इंच, शिवाय तळहाताएवढं पाकीट. बियर घ्यायची असेल तर केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात, पासपोर्ट जवळ असू द्या. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर थरांवर थर कपडे घाला आणि बाकावर ठेवायला जाड उशी किंवा घोंगडी न्या. इथले लोक आणखी एक करतात, पायाखाली पुठ्ठा ठेवतात. काँक्रीटमधून चढणारी थंडी त्याने खरंच अडते. राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढून उभं राहायचं, पाहुण्यांनी छातीवर हात ठेवायची गरज नाही.

जे बघवत नाही तेही दिसेल

टीव्हीवर खेळाडू जखमी झाला की जाहिरात लागते. स्टेडियममध्ये तुम्ही तिथेच असता. ऐंशी हजार लोक एकदम गप्प होतात, दोन्ही संघांचे खेळाडू गुडघा टेकून बसतात. जानेवारी २०२३ मध्ये सिनसिनाटीत बफलोचा डमार हॅमलिन एका टकरीनंतर कोसळला, हृदय बंद पडलं होतं, मैदानावरच त्याला वाचवण्यात आलं आणि सामना रद्द झाला. तो पुढे पुन्हा खेळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूवर होणारा परिणाम हा या खेळाचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे, निवृत्त खेळाडूंनी लीगवर खटले भरले आणि लीगला मोठी भरपाई कबूल करावी लागली. मला हा खेळ आवडतो आणि हे मला अस्वस्थ करतं, दोन्ही खरं आहे. नातवंडांना घेऊन जाणार असाल तर हे आधी त्यांच्याशी बोलून ठेवा.

ग्रीन बे जमत नसेल तर

बरेच आईवडील उन्हाळ्यात जातात आणि हंगाम सुरू होण्याआधी परततात. त्यांच्यासाठी ऑगस्टमधले सराव सामने आहेत. प्रमुख खेळाडू त्यात फार थोडा वेळ खेळतात, पण तिकिटं बरीच स्वस्त असतात आणि हवा छान असते, नियम समजून घ्यायला ते उत्तम. लंडनमध्ये राहणाऱ्यांना अमेरिकेला जायचीही गरज नाही. २००७ पासून तिथे वेम्ब्लीवर आणि २०१९ पासून टॉटनमच्या स्टेडियममध्येही लीगचे सामने होत आले आहेत, २०२२ मध्ये पॅकर्सही टॉटनमला खेळून गेले.

कॉलेज फुटबॉल शनिवारी असतो आणि तो वेगळाच सोहळा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक लोक बसतात, मध्यंतरात शेकडो विद्यार्थ्यांचा बँड मैदानावर उतरतो.

आणि यातलं काहीच शक्य नसेल, तर मुलीच्या किंवा मुलाच्या गावातल्या हायस्कूलचा शुक्रवार रात्रीचा सामना बघा. बहुधा थोड्याच डॉलरचं तिकीट, गाडी लावायला पैसे नाहीत, गर्दीही बेताची. तिथेही तेच चार डाऊन असतात, तोच आडवा धावणारा खेळाडू आणि तीच पुढची पाच माणसं, फक्त थोडी बारीक. मोठ्या सामन्याचं तिकीट काढायच्या आधी मी प्रत्येकाला हाच सामना सुचवतो. एका संध्याकाळी नियम अंगवळणी पडतात, आणि शाळेचं वेळापत्रक तिच्या संकेतस्थळावर ऑगस्टमध्येच लागलेलं असतं.